विश्लेषण : १५ ऑगस्टला चर्चमध्ये कृतज्ञता कशाची? मराठी ख्रिस्ती समाज आणि स्वातंत्र्याचा जुना हिशेब

पावसला १५ ऑगस्ट ही तारीख नुसत्या झेंडावंदनाची नाही. रत्नागिरीपासून साधारण वीस किलोमीटरवरच्या या गावचे स्वामी स्वरूपानंद १५ ऑगस्ट १९७४ रोजी समाधिस्थ झाले. मूळ नाव रामचंद्र विष्णू गोडबोले. ज्ञानेश्वरी अभंगांत आणणारे नाथपंथी सत्पुरुष म्हणून आज लोक त्यांच्या समाधिमंदिरात येतात. पण तरुणपणी हेच गोडबोले गांधीजींच्या हाकेला ओ देऊन सविनय कायदेभंगात उतरले होते, गावात त्यांनी स्वावलंबनाश्रम काढला होता आणि येरवड्याच्या तुरुंगाची हवाही खाल्ली होती. त्यामुळे देव आणि देश एकाच दिवशी आठवले तर पावसच्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही. आज आधी समाधीला नमस्कार केलास की तिरंग्याला, असे त्याला कोणी विचारतही नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला मात्र हे विचारले जाते. कधी थेट, बहुतेकदा आडून. योगायोग असा की कॅथलिकांसाठीही १५ ऑगस्ट हा दुहेरी दिवस आहे. त्या दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो आणि वसईपासून सावंतवाडीपर्यंत अनेक चर्चमध्ये मिस्सेला जोडूनच झेंडावंदन होते. देशासाठी प्रार्थना होते, स्वातंत्र्याबद्दल देवाचे आभार मानले जातात. मग त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्या फोटोंत कृतज्ञता किती आणि ‘आम्हीही तुमचेच आहोत, बघा’ ही धडपड किती, हा प्रश्न दरवर्षी मनात येतो. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडा इतिहास चाळावा लागेल.

दोन्ही दिवस एकाच तारखेला कसे?

निव्वळ योगायोग. मरियेचा हा सण ख्रिस्तसभेत दीड हजार वर्षांच्या आसपास जुना आहे. मरियेला देहासह स्वर्गात घेतले गेले, ही श्रद्धा अधिकृत धर्मसिद्धांत म्हणून पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी जाहीर केली. सण त्याच्या कितीतरी आधीपासून होता. सत्तांतराची तारीख ठरवली माउंटबॅटन यांनी. जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस म्हणून ती निवडल्याचे त्यांनी नंतर सांगितले. १९४७ साली ती शुक्रवारी आली. मरियेचा त्या निवडीशी काही संबंध नाही आणि तो जोडू पाहणाऱ्या भाविक गोष्टी फार ताणू नयेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये हा सण पाळतही नाहीत. तिथे स्वातंत्र्यदिनाची उपकारस्तुती वेगळी, साधी उपासना म्हणून होते.

योगायोग असला तरी त्यातून एक गोष्ट घडते, आणि ती चर्चबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. या सणाच्या मिस्सेत आज जे शुभवर्तमान वाचतात ते लूकच्या पहिल्या अध्यायातले. गरोदर मरिया आपल्या नातलग अलिशिबेला भेटायला जाते आणि तिथे देवाची स्तुती गाते. त्या स्तुतीचा आशय मवाळ मुळीच नाही. देव सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांचे पोट भरतो आणि धनवानांना रिकाम्या हाती परत पाठवतो, असे ती खेड्यातली ज्यू मुलगी म्हणते. तीही परकी राजवट असलेल्या देशात. लाल किल्ल्यावरचे भाषण टीव्हीवर सुरू असताना कुठल्यातरी कौलारू चर्चमध्ये हा उतारा मराठीत वाचला जात असतो. स्वातंत्र्यदिनासाठी मुद्दाम शोधूनही याहून समर्पक वाचन मिळाले नसते.

इंग्रजांचे राज्य म्हणजे ख्रिस्ती राज्य होते का?

‘तुमचे राज्य तर १९४७ लाच गेले,’ हा टोमणा ज्या समजुतीतून येतो ती समजूत मुळातच कच्ची आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या भानगडीत व्यापार बुडेल, सैन्यात असंतोष पसरेल, ही तिची भीती. म्हणूनच विल्यम केरी यांना कंपनीच्या हद्दीबाहेर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बस्तान बसवावे लागले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचेच हुकूम निघाले होते. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने दार किलकिले केले. रत्नागिरी जिल्ह्यात स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णैच्या बाजूला १८२० च्या दशकात आले, ते या कायद्यानंतर. पुढे १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनेही प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याची ग्वाही दिली.

याचा अर्थ मिशनऱ्यांना इंग्रज सत्तेचा फायदा झालाच नाही, असा नाही. झाला, भरपूर झाला. गोऱ्या साहेबाचा धर्म म्हणून त्या धर्माला मिळणारा दरारा खोटा नव्हता, आणि कित्येक मिशनरी साम्राज्याला देवाची योजनाच मानत होते. ख्रिस्ती समाजानेही हे मोकळेपणाने कबूल करायला हरकत नाही.

मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातल्या मराठी कॅथलिकांचेच पाहा. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या या लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, ब्रिटिशांची जुनी प्रजा, हे सरकारदरबारी ठसवण्याचा हेतू त्यात होता. नाव घेतले तेही थेट कंपनीचे. इतकी उघड राजनिष्ठा क्वचितच कुठल्या समाजाने आपल्या नावातच कोरून ठेवली असेल.

आणि याच समाजातून जोसेफ बॅप्टिस्टा निघाले.

लोकमान्यांचे ‘काका’

माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेले बॅप्टिस्टा पुण्यात अभियांत्रिकी शिकले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे ते कायद्यातले आणि राजकारणातले जवळचे सहकारी. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे ठेवले नाही. ते बॅप्टिस्टांना दिले. पुढच्याच वर्षी बॅप्टिस्टा इंग्लंडला जाऊन मजूर पक्षाच्या लोकांपुढे हिंदुस्थानच्या स्वराज्याची बाजू मांडत होते. आयटक या कामगार संघटनेच्या पायाभरणीत ते होते, १९२१ च्या झरिया अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. १९३० साली ते गेले. महाराष्ट्राने त्यांना ‘काका’ म्हटले. मराठीत ही पदवी कोणी मागून मिळत नाही.

त्या काळच्या राजकारणाचा विचार करा. टिळक म्हणजे गणेशोत्सव आणि शिवजयंतीवाले. त्यांच्या राजकारणाला हिंदू रंग होता, हे त्यांचे टीकाकार तेव्हाही म्हणत. अशा माणसाने आपल्या सर्वात मोठ्या मोहिमेच्या शिखरावर एक कॅथलिक बसवला आणि त्या कॅथलिकाला त्यासाठी आपली श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवावी लागली नाही. दोघांनी एकमेकांकडून कसलेही प्रमाणपत्र मागितले नाही. मुंबईत त्यांच्या नावाची बाग आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र काका बॅप्टिस्टा एखाद्या ओळीपलीकडे फारसे भेटत नाहीत, ही खंत आहे.

दुसरे नाव याच जिल्ह्यातले. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये करजगावला जन्मलेले, चित्पावन, संस्कृत आणि मराठीवर हुकमत असलेले कवी. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर कसे उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा कसे उभे राहिले, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला माहीत आहे. मात्र कमी सांगितली जाणारी गोष्ट पुढची आहे. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, टाळ-मृदंगावर आणली. परदेशी मिशनच्या हाताखाली वाढलेली मंडळी भारतीय मातीत रुजणार नाही, असे त्यांना वाटू लागले. अखेर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. हे स्वराज्यच होते, फक्त चर्चच्या आतले. होमरूल लीग आणि ‘देवाचा दरबार’ यांत जेमतेम दीड वर्षाचे अंतर आहे आणि ते मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. एकच हवा दोन्हीकडे वाहत होती.

पंडिता रमाबाईही या यादीत येतात. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर राहिल्या, त्यांत त्या होत्या. ख्रिस्ती होऊन सहा वर्षे झाली होती.

गोव्यात तर राज्यकर्तेही कॅथलिक होते

‘इंग्रजांचे राज्य म्हणजे चर्चचे राज्य नव्हे’ हा युक्तिवाद गोव्याच्या वेशीवर थांबतो. तिथे सत्ता आणि चर्च यांचे लागेबांधे चार शतकांचे. म्हणूनच तिथली साक्ष अधिक मोलाची. चांदोरच्या कॅथलिक घरात जन्मलेल्या त्रिस्ताँव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. पोर्तुगीज राजवटीने गोवेकराला स्वतःच्याच देशात परका कसा केला, यावर त्यांनी १९४४ मध्ये पुस्तिका लिहिली. १९४६ मध्ये त्यांना पकडून, लष्करी न्यायालयात शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले गेले. तिथून सुटून ते पॅरिसमार्गे मुंबईला आले आणि गोवा मुक्त होण्याआधीच, १९५८ मध्ये वारले. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी जी सभा घेतली, त्यासाठी ते गोव्यात आले होते ज्युलियाँव मिनेझिस यांचे पाहुणे म्हणून, असोळण्याच्या त्यांच्या घरी.

यातले सगळेच नेमाने मिस्सेला जाणारे होते, असा दावा नाही. पण राज्यकर्त्याचा आणि आपला क्रूस एकच असताना राज्यकर्त्याविरुद्ध उभे राहायला किती बळ लागत असेल, याचा अंदाज त्यांच्याकडे पाहून येतो.

कोकणाला गोव्याची १५ ऑगस्टही आठवायला हवी. १९५५ च्या स्वातंत्र्यदिनी देशभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींच्या तुकड्या हद्द ओलांडून गोव्यात शिरल्या. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक जण मेले. बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला त्यांचे स्मारक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झालेला नव्हता; बांदा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. म्हणजे पावसच्या लोकांनी नववा स्वातंत्र्यदिन साजरा केला, तेव्हा त्यांच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी माणसे मरत होती. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडले.

घटनेत काय मिळाले आणि काय सोडले?

आता कृतज्ञतेच्या मुळाशी येऊ. ख्रिस्ती माणूस १५ ऑगस्टला नेमके कशाबद्दल आभार मानतो? झेंड्याबद्दल, सीमेवरच्या जवानांबद्दल, हे सगळ्यांसारखेच. त्याखेरीज त्याच्याकडे एक खास कारण आहे आणि त्याचे नाव अनुच्छेद २५. प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत.

यातला ‘प्रसार’ हा शब्द घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये बराच गाजला. तो काढून टाका, असे म्हणणारे होते. तो राहिला पाहिजे, असे सांगणाऱ्यांत लक्ष्मीकांत मैत्र आणि टी. टी. कृष्णम्माचारी हे हिंदू सदस्य होते. मी चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण मला कोणी धर्म बदलायला सांगितले नाही, अशा आशयाचे कृष्णम्माचारींचे भाषण त्या चर्चेत आहे. दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती प्रतिनिधींनीही काही सोडले. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती, घटना समितीचे उपाध्यक्ष. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळांतल्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ख्रिस्ती सदस्यांनी तो मान्य केला. जेझुईट धर्मगुरू जेरोम डिसोझा यांनीही. आम्हाला वेगळा मतदारसंघ नको, शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो, असा तो व्यवहार होता.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी. एवढ्याशा समाजाला राखीव जागेशिवाय विधानसभेत आपला माणूस पाठवणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. म्हणून १९४९ चा तो विश्वास फुकटचा नव्हता. त्याची किंमत आजही मोजली जाते.

‘प्रसार’ या शब्दाचा अर्थ पुढे न्यायालयाने आखूनही दिला. १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपला धर्म दुसऱ्याला समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क नाही. ओडिशा आणि मध्य प्रदेशचे धर्मांतरविरोधी कायदे या निकालाने टिकले. बळजबरी किंवा फसवणूक करून धर्म बदलायला लावणे चूकच, त्यावर वाद नाही. अडचण दुसरी आहे. धर्म बदलणारा प्रौढ माणूस स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ शकतो, हेच अशा कायद्यांच्या अंमलबजावणीत अनेकदा विसरले जाते. नारायण वामन टिळकांना आज बाप्तिस्मा घ्यायचा झाला असता, तर काही राज्यांत आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागले असते. स्वातंत्र्याबद्दल आभार मानताना हेही बोलता आले पाहिजे.

राष्ट्रगीत न गाणारी तीन मुले

कृतज्ञता सक्तीची असावी का, याचे सर्वात स्पष्ट उत्तर केरळमधल्या एका शाळेतून आले. जुलै १९८५ मध्ये बिजो, बिनू आणि बिंदू इमॅन्युएल या तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. ही मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची. कुठल्याही देशाचे राष्ट्रगीत गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहात, गात मात्र नसत. आमदाराने विधानसभेत प्रश्न केला, चौकशी झाली, मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी अनादर केलेला नाही असा अहवालही आला. तरी त्यांना काढले. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी, स्वातंत्र्यदिनाला चार दिवस असताना, सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत घ्यायला लावले. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाचा गाभा असा, की आदराने उभे राहणे म्हणजे अनादर नव्हे आणि गाण्याची सक्ती कायद्यात नाही.

मराठी कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट मुलांना हा प्रश्न पडत नाही. ती ‘जन गण मन’ मोकळ्या गळ्याने गातात, आणि यहोवाच्या साक्षीदारांची शिकवण बहुतेक चर्चना मान्यही नाही. तरीही हा निकाल प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने आपल्या मुलांना शिकवावा असा आहे. गप्प राहण्याचा हक्क ज्या देशात आहे, तिथेच गाण्याला किंमत येते. सक्तीने गाऊन घेतलेल्या गाण्यात आभार कुठून येणार?

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंबद्दलची माझी अडचण हीच आहे. झेंडावंदन करू नये असे मुळीच नाही, जरूर करावे. पण ते कुणाला दाखवण्यासाठी होत असेल, शंकेखोर शेजाऱ्याच्या तोंडावर फेकायचा पुरावा म्हणून होत असेल, तर ते आभार राहात नाहीत, जबानी होते. काका बॅप्टिस्टांच्या समाजाला जबानी देण्याची गरज नाही. ख्रिस्ती परंपरेतच याचे उत्तर आहे. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजे आणि सर्व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. त्या वेळचे राजे म्हणजे रोमन सम्राट, ज्यांच्या राजवटीत ख्रिस्ती लोक मारले जात होते. राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करणे आणि राज्यकर्त्याची री ओढणे या दोन गोष्टी ख्रिस्ती माणूस पहिल्या शतकापासून वेगळ्या ठेवत आला आहे.

आणि १० ऑगस्ट?

कृतज्ञतेच्या हिशेबात एक रकाना अजून रिकामा आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. अहिल्यानगर आणि मराठवाड्यातल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार-मांग वस्त्यांतला आहे. त्यांच्यासाठी हा कागदोपत्री वाद नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण, सगळे त्यावर अवलंबून आहे. १० ऑगस्ट हा दिवस देशातल्या दलित ख्रिस्ती संघटना काळा दिवस म्हणून पाळतात.

ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कसली, हा त्यावरचा नेहमीचा प्रतिवाद. धर्मग्रंथात जात नाही हे खरे. गावात मात्र माणूस चर्चला जाऊ लागला म्हणून वस्ती बदलत नाही, आणि सोयरीक जुळवताना चर्चच्या आतही जात विचारली जाते. व्यासपीठावरून ‘आमच्यात जात नाही’ म्हणायचे आणि दिल्लीत जातीच्या आधारावर दर्जा मागायचा, ही विसंगती चर्चच्या नेतृत्वालाच सोडवावी लागेल. आपल्या घरातली जात आधी उघड मान्य केली, तर मागणीला जोर येईल.

धर्मांतरित दलितांना हा दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि पुढे त्याला मुदतवाढही दिली. प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोरही अनेक वर्षांपासून आहे. येत्या १५ ऑगस्टच्या मिस्सेत देशासाठीच्या प्रार्थना म्हटल्या जातील, तेव्हा त्यांत या आयोगाचे आणि त्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांचे नाव घ्यायला कोणत्याही धर्मगुरूला कोणाची परवानगी लागत नाही.